जळलेल्या मोटारीत न जळलेले काय असते

मार्च महिन्यात आंबिया बहाराची फळे बोराएवढी झालेली असताना वरुड तालुक्यातील आमच्या संत्र्याच्या बागेतील बोअरची मोटार जळली. त्या दिवसांत पाणी तुटले की फळगळ ठरलेली असते, त्यामुळे घरात पहिला विचार नवी मोटार आणण्याचाच झाला. मी मात्र जुनी बांधून घेण्याचा, म्हणजे आतली जळलेली तार काढून नवी भरून घेण्याचा, आग्रह धरला.

मोटार जळली असे आपण म्हणतो, पण जळते ते प्रामुख्याने वाइंडिंगच्या, म्हणजे आत वेटोळ्यांनी भरलेल्या तांब्याच्या, तारेवरचे आवरण. तांबे 1085 अंश सेल्सिअसला वितळते; त्याचे आवरण त्याच्या कितीतरी आधी हात टेकते. सिलिकॉन स्टीलच्या पातळ पत्र्यांचा गाभा, रोटर, शाफ्ट आणि स्टेनलेस स्टीलचे कवच बहुधा जसेच्या तसे राहतात. अशी मोटार भंगारात गेली तर धातू पुन्हा भट्टीत वितळून कामी येतो हे खरे, पण घासून मापात आणलेला शाफ्ट, एकावर एक नेमके बसवलेले पत्रे आणि त्यांवर खर्च झालेली वीज व मेहनत त्या भट्टीत नाहीशी होते. दुरुस्ती धातूबरोबर ही घडणही वाचवते, आणि माझ्या मते तिचे खरे मोल तिथेच आहे.

अर्थात, दुरुस्ती नीट झाली तरच. काही वर्षांपूर्वी हीच मोटार आम्ही एका दुकानात बांधून घेतली होती आणि ती दुसऱ्याच उन्हाळ्यात पुन्हा जळली. उघडल्यावर कळले की मूळ तारेपेक्षा बारीक गेजची (जाडीची) तार भरली होती. तार बारीक झाली की तिचा विजेला होणारा रोध वाढतो आणि ती अधिक तापते. अॅल्युमिनियमची तार भरणे तर त्याहून वाईट, कारण त्याची वाहकता तांब्याच्या सुमारे 61 टक्केच असते. तेवढाच रोध राखायचा तर तारेचे छेदक्षेत्र दीडपटीहून जास्त हवे, आणि तशी तार गाभ्याच्या मूळ खाचांत मावत नाही.

या वेळी मिस्त्रींनी मोटार आमच्यासमोर उघडली. वीज आणणाऱ्या तीन फेजपैकी दोन फेजची वेटोळी काळी पडली होती आणि तिसऱ्या फेजची जवळजवळ कोरी होती. स्टार जोडणीच्या, म्हणजे तिन्ही फेजच्या वेटोळ्यांची एकेक टोके एकत्र जोडलेल्या, मोटारीत असे चित्र दिसले की एक फेज गेलेली असतानाही मोटार चालत राहिली होती, हे समजते. म्हणजे मूळ दोष अशा वेळी मोटार बंद न करणाऱ्या स्टार्टरकडे होता, आणि नवी मोटार आणली असती तरी तीही त्याच कारणाने जळली असती. आपल्याकडे लाइन आली की फीडरवरच्या (एकाच वीजवाहिनीवरच्या) सगळ्या मोटारी ऑटोवर एकदम सुरू होतात, व्होल्टेज पडते आणि तेवढेच पाणी उपसायला मोटार जास्त करंट ओढते. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट 10 टक्के वाढला तर उष्णता 21 टक्के वाढते. म्हणून वाइंडिंगबरोबर सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटार बंद करणारा) आणि ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की बंद करणारा) यांची सेटिंगही तपासून घेतली.

विहिरीवरच्या मोनोब्लॉक (पंप आणि मोटार एकत्र असलेल्या) मोटारीबाबत आणखी एक काळजी घ्यावी लागते. तिची वार्निश लावलेली जुनी वाइंडिंग सुटत नाही म्हणून काही जण उघड्यावर आग लावून ती काढतात. गाभा साधारण 360 ते 370 अंशांपुढे तापला तर पत्र्यांमधील इन्सुलेशन खराब होऊ शकते आणि मोटार कायमची जास्त वीज खाऊ लागते. नियंत्रित भट्टीत काढून नीट भरलेल्या मोटारीची कार्यक्षमता मात्र टिकते.

ट्रॅक्टरचे इंजिन बांधताना ही शिस्त आपण पाळतो. लायनर, पिस्टन, रिंगा बदलतात, क्रँकशाफ्ट घासून त्याच्या मापाचे बेअरिंग घालतात, आणि प्रत्येक माप मायक्रोमीटरने घेतले जाते. पुनर्निर्माण म्हणतात ते हेच: सगळे सुटे करून, मोजून, वस्तू पुन्हा ठरलेल्या मापात आणणे. मोटारीला हा मान का मिळू नये?

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या क्षेत्रांत मोबाइल, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनांबरोबर शेतीची अवजारेही आहेत. 24 डिसेंबर 2022 रोजी त्यासाठी पोर्टलही सुरू झाले. माझी मागणी त्यापुढे एवढीच आहे की कंपनीने मोटारीच्या माहितीच्या पट्टीवर एचपी आणि व्होल्टच्या शेजारी तारेचा गेज, प्रत्येक खाचेतील वेढ्यांची संख्या आणि जोडणीचा प्रकार कोरावा. एकदा चुकीची तार भरली गेली की मूळ माप त्या मोटारीत उरत नाही. आमच्या मिस्त्रींना त्याच मॉडेलची दुसरी मोटार शोधून तिचे वेढे मोजावे लागले, आणि त्यात दोन दिवस गेले.

पाचव्या दिवशी पाणी सुरू झाले. थोडी फळे गळली, बाग सावरली. गेज, वेढे, तिन्ही फेजचा रोध आणि भरल्याची तारीख मी स्टार्टरच्या पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने लिहून ठेवली आहे.