१०० रुपयांच्या बाँडवरची फारकत

माझ्या मावसबहिणीची फारकत झाली २०१८ ला, मी तेव्हा बारावीला होते. फारकत म्हणजे काय तर दोन्हीकडची माणसं तालुक्याला कोर्टाबाहेरच्या टायपिंगवाल्याकडे जमली, १०० च्या बाँडवर मजकूर टाईप झाला, दोघांच्या सह्या, चार पंचांच्या सह्या, नोटरीचा शिक्का, आणि मग सगळ्यांनी चहा घेतला. दागिने परत मिळाले. मावशी म्हणाली सुटली एकदाची माझी पोर. आम्हाला सगळ्यांना खरंच वाटलं सुटली.

सहा वर्षांनी ताईला एक चांगलं स्थळ आलं, बिजवर पण समजूतदार माणूस, पोराला सांभाळायला तयार. त्यांच्याकडच्या कुणीतरी कोर्टाची डिक्री, म्हणजे घटस्फोटाचा हुकूम, मागितली, आम्ही तो बाँड दिला, त्यांनी तो त्यांच्या वकिलाला दाखवला आणि संध्याकाळी फोन आला की मुलीचं पहिलं लग्न अजून मोडलेलंच नाहीये.

हे मी लिहितेय कारण आमच्याकडे अजूनही दर लग्नसराईनंतर असे बाँड होतात आणि सही करणाऱ्या मुलीला कुणी काही सांगत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली झालेलं लग्न (बौद्ध, जैन, शीख पण त्यातच येतात) मोडायचं तर कोर्टाचा हुकूम लागतो. नोटरीचा शिक्का एवढंच सांगतो की सह्या याच माणसांनी केल्या, त्याने नवराबायकोचं नातं तुटत नाही. कलम २९ मध्ये एक सूट आहे, एखाद्या समाजात जुन्या रूढीने काडीमोड होत असेल तर कायदा ती मानतो, पण ती रूढी कोर्टात पुराव्याने सिद्ध करावी लागते, जो म्हणतो त्यानेच, सुप्रीम कोर्टानेही हे सांगितलंय. पंचांनी सह्या केल्या म्हणजे रूढी झाली असं होत नाही. ताईच्या बाँडवर "आमच्या समाजाच्या रूढीप्रमाणे" असं छापील वाक्य होतं, घरात कुणाला विचारलं तर कसली रूढी ते सांगता येईना.

आणि तोवर ताईच्या नवऱ्याने दुसरं लग्न केलेलं, त्याला एक मुलगीही झालेली. पहिलं लग्न चालू असताना केलेलं दुसरं लग्न कायद्याने रद्दच, वर गुन्हा, सात वर्षांपर्यंत शिक्षा. त्या दुसऱ्या बाईला तर यातलं काहीच माहीत नव्हतं, तिलाही तोच बाँड दाखवलेला. मला तिच्यासाठी ताईइतकंच वाईट वाटलं. तिच्या मुलीला मात्र कायदा औरस धरतो, आईबापाच्या मालमत्तेत तिचा हक्क राहतो.

पण सगळ्यात जास्त राग मला आला तो बाँडमधल्या दोन ओळींचा, मुलगा आईकडे राहील, आई मुलासाठी पोटगी मागणार नाही आणि वडील मुलाला भेटणार नाहीत. तेव्हा तो तीन वर्षांचा होता. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, हे कायद्यातच आहे, म्हणजे ताबा मिळवायला ताईला काही सोडून द्यायची गरजच नव्हती. आणि पोटगी हा पोराचा स्वतःचा हक्क, आईने त्याच्या वतीने सोडला म्हणून तो जात नाही. ताईने सहा वर्षं ब्लाउज शिवून त्याची शाळा केली, त्या कागदावर विश्वास ठेवून. पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून धरतात, त्यामुळे मागची सहा वर्षं गेली ती गेली.

मग आम्ही तालुका विधी सेवा समितीत गेलो. बाईमाणसाला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो, १५१०० वर फोन करूनही विचारता येतं. तिथल्या वकीलबाईंनी ताईला पहिल्यांदा शांतपणे बसवून सगळं ऐकून घेतलं, सहा वर्षांत कुणी तेवढं केलं नव्हतं. परस्पर संमतीने घटस्फोट, कलम १३ ब, एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, दोघांनी मिळून अर्ज करायचा, मग सहा महिने थांबून परत येऊन सांगायचं की आम्ही ठाम आहोत. २०१७ पासून सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे ते सहा महिने माफ होऊ शकतात, अर्जाआधीच दीड वर्षाहून जास्त वेगळे राहत असाल आणि मुलाचं, पैशाचं सगळं ठरलेलं असेल तर. फॅमिली कोर्ट आमच्या इथे नाही, वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे चाललं. नवरा आला कारण त्यालाही गरज होतीच. आणि हे पण लक्षात ठेवा, हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं, म्हणून दुसऱ्या तारखेपर्यंत ताईला झोप नव्हती.

यावेळी अटी लिहिताना मी शेजारी बसून प्रत्येक ओळ वाचली. ताबा आईकडे, दरमहा पोराच्या नावाच्या खात्यात पैसे, महिन्यातून दोन रविवार आणि दिवाळी-मेच्या सुट्टीतले काही दिवस वडिलांकडे. मावशीला ते भेटीचं आवडलं नाही, कशाला पाठवायचं म्हणाली. वकीलबाई म्हणाल्या, कोर्ट आईबापाचं नाही, पोराचं भलं बघतं, आणि पुढे गरज पडली तर या अटी बदलूनही मागता येतात. मुलगा नऊ वर्षांचा, त्याला विचारलं तर तो म्हणाला पप्पांना बघायचंय. मावशी मग काही बोलली नाही.

साडेतीन महिन्यांत डिक्री हातात आली. त्याने दुसऱ्या बायकोशी नव्याने लग्न लावून रजिस्टर केलं, ते मी त्याच्याकडे आग्रहाने मागितलं होतं. ताईचं ते स्थळ थांबलं होतं, मेमध्ये लग्न झालं.

या दिवाळीत पोरगा पप्पांकडे चार दिवस राहून आला. तिथल्या लहान बहिणीला त्याने किल्ला करायला शिकवला, दोन दिवस तेच सांगत होता.