आत्याच्या नावापुढचं प्रश्नचिन्ह

२०१९ साली धाकट्या भावाच्या मानेत, हासळीच्या हाडावर सुपारीएवढी गाठ आली. तो २३ वर्षांचा होता. गावाकडे टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन महिने गेले तरी गाठ तसूभर उतरली नाही. मग पुण्यात अख्खी गाठ काढून तपासली आणि हॉजकिन्स लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग निघाला. लिम्फोमाची शंका असेल तर नुसत्या सुईच्या तपासणीवर थांबू नका, हे मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगते. बारा केमो घेऊन तो आज ठणठणीत आहे.

मला घोर लागला तो नंतर. एका लग्नात काकू सहज बोलून गेल्या, "मोठ्या आत्याबाईंनाही मानेत गाठीच झाल्या होत्या की!" आत्या ३१ व्या वर्षी गेली, मी तेव्हा तान्ही होते. घरात "तिला गंडमाळ होती" यापुढे कुणी बोलायचं नाही. त्या रात्रीपासून मुलगी झोपली की तिच्या जबड्याखाली बोटं फिरवून बघायची मला सवयच लागली. नऊ वर्षांची पोर, सर्दी झाली तरी गाठ हाताला लागायची.

शेवटी मुंबईला जेनेटिक काउन्सेलरची, म्हणजे आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणाऱ्या बाईंची वेळ घेतली. वाटलं होतं, रक्त घेतील. बाईंनी कोरा कागद आणि पेन्सिल घेतली. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आजारी माणूस रंगवायचा, गेलेल्यावर तिरकी रेघ. "आई-वडिलांचं लग्नाआधीचं काही नातं?" आई म्हणजे अप्पांच्या मामाची मुलगी. आमच्याकडे करतातच. त्यांनी दोघांमध्ये दुहेरी रेघ ओढली. काही दुर्मीळ दोष आई आणि वडील दोघांकडूनही आले तरच आजार होतो, म्हणून हे विचारतात. भावाचा चौकोन काळा केला. आत्यापाशी पेन्सिल थांबली. "बायॉप्सीचा कागद आहे?" नव्हता. वर्तुळात प्रश्नचिन्ह आलं.

मग मी मनात धरून बसलेला आकडा विचारला. सख्ख्या भावंडांना सहापट धोका, खरं का? त्या म्हणाल्या, "कशाच्या सहापट, ते आधी बघू." युरोपातल्या नॉर्डिक देशांमध्ये हॉजकिन्सच्या १३,९२२ रुग्णांच्या ५७,४७५ जवळच्या नातेवाइकांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. भावंडांमध्ये धोका सुमारे सहापट दिसला, आई-वडील आणि मुलांमध्ये दुपटीच्या आसपास. पण मुळात आजारच इतका विरळ, की सगळे जवळचे नातेवाईक धरले तर आयुष्यभरात हजारात साधारण सहा जणांना तो होतो. हजारातले ९९४ लोक मी इतके दिवस मोजलेच नव्हते. मला तिथेच रडू आलं.

भावाच्या गाठीतल्या पेशींत झालेले बदल त्या पेशींपुरते असतात, ते रक्ताच्या नात्यातून उतरत नाहीत, हेही तिथेच कळलं. स्तनाच्या कर्करोगात बीआरसीए तपासतात, तसं लिम्फोमात बोट ठेवावं असं एक जनुक नाही. क्वचित एखाद्या घराण्यात पीओटी१ सारख्या जनुकातला दोष सापडतो. आणि तपासणी करायचीच तर आधी आजार झालेल्याची, म्हणजे भावाची, माझी किंवा मुलीची नाही. घरात खात्रीचा रुग्ण एकच, म्हणून आत्ता तीही नको. दरवर्षी स्कॅनही नकोत. न दुखणारी गाठ तीन आठवड्यांत उतरली नाही, अंथरूण भिजेल इतका रात्रीचा घाम, उगाच येणारा ताप, घटणारं वजन, यातलं काही दिसलं तर डॉक्टरला पहिल्याच वाक्यात भावाचा आजार सांगायचा.

आत्याच्या कागदांसाठी विट्याला गेले. आतोबांनी ट्रंकेतून सातबाऱ्याच्या उताऱ्यांखालची पिशवी काढली. छातीचा एक्स-रे आणि "मानेत गाठी" एवढं लिहिलेली मिरजेची चिठ्ठी, बस्स. आतेबहीण दारातच उभी होती. "आमची नावं त्यात घालू नकोस गं. पोरीचं जमवायचंय." मला तिचा राग आला नाही. आत्याबद्दल आमच्या घरानेही इतकी वर्षं हेच केलं होतं.

प्रश्नचिन्ह तसंच राहिलं. दोन महिन्यांनी तिचाच फोन आला. "अगं, आईच्या त्या गाठी दुखायच्या नाहीत. मी लहान होते, हात लावून बघायचे. हे लिहून ठेव." मी तारीख घालून लिहून ठेवलं.