तुम्ही विचारलंत म्हणून: फोनमध्ये गूगल नाही, मग पैसे कसे देतेस?

माझ्या फोनमध्ये गूगल नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "मग यूपीआयचं काय करतेस?" नातेवाईक, ऑफिसातले, सोसायटीतले, सगळे हेच विचारतात. कॅमेरा बरा आहे का, मराठी टाइप होतं का, हे कुणी विचारत नाही. प्रश्न अगदी मोक्याचा आहे म्हणा, कारण घोडं पेंड खातं ते तिथंच.

तर उत्तर असं की मी दोन फोन वापरते. रोजचा फोन गूगलचाच पिक्सेल, पण त्यावर ग्राफीन ओएस, म्हणजे गूगलच्या सेवा काढलेली अँड्रॉइडची आवृत्ती. दुसरा एक स्वस्तातला, दुकानातून आला तसाच अँड्रॉइड. त्यात बँकेत नोंदवलेलं सिम, एक यूपीआय अ‍ॅप आणि बँकेचं अ‍ॅप. बस. सिम त्यातच ठेवावं लागतं, कारण नोंदणी करताना अ‍ॅप त्याच सिमवरून एसएमएस पाठवून खात्री करून घेतं. यावर हमखास टोमणा येतो, "म्हणजे गूगल आहेच की!" आहे. पण त्या फोनला माझी भाजी आणि रिक्षा एवढंच कळतं. फोटो, घरच्यांशी बोलणं, कुठे गेले, कुणाला भेटले, यातलं काही तिथे नाही.

एकाच फोनवर का भागत नाही, ते जरा समजून घेण्यासारखं आहे. अँड्रॉइडचा गाभा २००८ पासून खुला आहे. कोड कुणीही घ्यावा, बदलावा, वाटावा. त्यातूनच सायनोजेनमॉड ही स्वयंसेवकांची आवृत्ती आली, ती डिसेंबर २०१६ मध्ये बंद पडल्यावर लिनिएज ओएस आलं, आणि ग्राफीनही त्याच गाभ्यावर उभं आहे. पण प्ले स्टोअर आणि त्याच्यासोबतच्या सेवा खुल्या नाहीत, आणि अ‍ॅप बनवणारे त्यांच्यावर विसंबतात. प्ले इंटेग्रिटी नावाची एक तपासणी आहे. अ‍ॅप तिच्याकडून विचारून घेतं की हा फोन गूगलने प्रमाणित केलेला आहे का, आत मूळ कंपनीचीच सिस्टिम आहे का. नाही म्हटलं की अ‍ॅप तोंडावर दार लावतं.

मला राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. वर्षानुवर्षं एकही सुरक्षा अपडेट न मिळालेला जुना फोन ही नेहमीची तपासणी पास होऊ शकतो, कारण तो प्रमाणित आहे. ग्राफीनवर सुरक्षेच्या दुरुस्त्या भराभर येतात, बूटलोडर (फोन सुरू होताना कुठली सिस्टिम उघडायची ते ठरवणारा भाग) पुन्हा लॉक करता येतो, तरी तो फोन नापास. यावर तांत्रिक तोडगा नाही असंही नाही. फोनमधली चिप स्वतःच सही करून सांगू शकते की आत कुठली सिस्टिम आहे आणि तिच्यात कुणी ढवळाढवळ केलेली नाही. बँकेने ग्राफीनची ओळख पटवणारी डिजिटल किल्ली आपल्या यादीत घातली की काम झालं. मी माझ्या बँकेला तसं सविस्तर लिहिलं होतं. उत्तर आलं, "कृपया अ‍ॅप काढून पुन्हा इन्स्टॉल करा."

ग्राफीनवर काही बँकांची अ‍ॅप चालतातही. पण आज चाललेलं पुढच्या अपडेटला बंद पडतं, म्हणून रस्त्यात उभं राहून त्याच्या भरवशावर राहू नये. अगदीच अडलं तर *९९# डायल करायची सोय आहे. इंटरनेट लागत नाही, साध्या बटणांच्या फोनवरूनही यूपीआयने पैसे जातात, फक्त एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत. मेनूची भाषा पाहून सरकारी फॉर्म आठवतो, पण चालतं.

बाकी काय जमतं? फोन, मेसेज, ब्राउझर, ईमेल यांची काही अडचण नाही. अ‍ॅप बहुतेक एफ-ड्रॉइड या अ‍ॅपच्या दुकानातून घेते, तिथे सगळं खुल्या कोडचं असतं. मराठी टायपिंगला इंडिक कीबोर्ड आहे, केरळातल्या स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंगच्या स्वयंसेवकांचा. एक मात्र खरंच गेलं, ते म्हणजे बोलून मराठी लिहिणं. गूगलचा कीबोर्ड आईचं बोलणं बऱ्यापैकी बरोबर उतरवतो, खुल्यात माझ्या पाहण्यात तसं काही नाही. म्हणून आईच्या फोनला मी हात लावलेला नाही.

ग्राफीनमध्ये प्ले स्टोअरही टाकता येतं, पण साध्या अ‍ॅपसारखं, खास अधिकार न देता. सोवळं पाळायचं नसेल तर ती सोय उत्तम आहे.

"ते भारताचं भारओएस का नाही वापरत?" असंही विचारतात. आयआयटी मद्रासच्या छायेखाली तयार झालेली ती सिस्टिम जानेवारी २०२३ मध्ये गाजली, पण तेव्हाच सांगितलं होतं की ती गोपनीयता लागणाऱ्या संस्थांसाठी आहे. तिचाही गाभा अँड्रॉइडचाच. फोन कंपन्यांनी असं काही स्वतःहून का केलं नाही, याचं एक कारण भारतीय स्पर्धा आयोगाच्या ऑक्टोबर २०२२ च्या आदेशात सापडतं: प्ले स्टोअर हवं तर अँड्रॉइडची वेगळी आवृत्ती काढायची नाही, असे करार होते. गूगलला दंड झाला १,३३७ कोटी ७६ लाखांचा. अपिलात काही निर्देश गळले, दंड कायम राहिला.

आता नवीन काळजी. गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं की प्रमाणित फोनवर प्ले स्टोअरच्या बाहेरून अ‍ॅप टाकायचं तर बनवणाऱ्याने आपली ओळख गूगलकडे नोंदवलेली हवी. सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, बाकी जगात २०२७ पासून. एफ-ड्रॉइडने सरळ सांगितलं की असं झालं तर आमचं काम संपेल. ओरड झाल्यावर गूगलने जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू म्हटलं. लिनिएज किंवा ग्राफीनला हा नियम लागत नाही, ते मुळात प्रमाणित नाहीतच. पण सगळेच काही सिस्टिम बदलत बसणार नाहीत.

बदलायची म्हटली तरी कंपन्यांची मर्जी लागते. पिक्सेलवर सोपं आहे: सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी, मग ओईएम अनलॉकिंग (बूटलोडर उघडायची परवानगी) चालू, पुढचं सगळं ब्राउझरमधून. शाओमीमध्ये अर्ज करून वाट पाहावी लागते. सॅमसंगच्या ज्या फोनमध्ये अनलॉक होतं, तिथे बाहेरची सिस्टिम टाकली की नॉक्सचा, म्हणजे त्यांच्या सुरक्षा यंत्रणेचा, फ्यूज कायमचा उडतो आणि खासगी फाइल ठेवायचा सिक्युअर फोल्डर पुन्हा कधी चालत नाही. नवा फोन घेताना मी दुकानात विचारते, "बूटलोडर अनलॉक होतो का?" उत्तर मिळतं, "मॅडम, कुठलंही सिम चालतं."

तेव्हा "माझ्याही फोनवर टाकून दे" म्हणणाऱ्यांनी रोजचा फोन आणू नये. कपाटात पडलेला जुना आणा, आणि आधी त्याचा नेमका मॉडेल नंबर कळवा, नुसतं नाव नको. रेडमी नोट ४ भारतात स्नॅपड्रॅगन चिपचा होता, चीनमध्ये मीडियाटेक चिपचाही. एकाची सिस्टिम दुसऱ्यावर चालत नाही. फोटो आधीच काढून घ्या, कारण अनलॉक करताना फोन पुसला जातो. चार्जिंगची नुसती केबल चालत नाही, डेटाची हवी, तीही घेऊन या.