गरम झाली की बंद: आप्पांच्या चेतकचा करंट शोधताना

साताऱ्याहून कासकडे निघालं की यवतेश्वरचा घाट लागतो. त्या घाटात आप्पांची चेतक स्कूटर हमखास बंद पडायची. आधी एक-दोनदा फटकायची, मग ओढ जायची आणि जागेवर थांबायची. पंधरा-वीस मिनिटं सावलीत उभी केली की दुसऱ्या किकला चालू. घरी आणून तपासावी तर काहीच दोष दिसायचा नाही.

गाडी १९८२ ची. आप्पांनी नंबर लावला आणि काही वर्षं वाट पाहिली, तेव्हा ती दारात आली. माझी शाळा, आईचा दवाखाना, बहिणीच्या लग्नाची खरेदी, सगळं तिच्यावरच झालं. त्यामुळे 'भंगारात द्या' असं कुणी सहज म्हटलं की मला ते लागायचं. तीन गॅरेज झाली. एकाने प्लग बदलला, एकाने एच.टी. कॉइल (प्लगला लागणारे हजारो व्होल्ट तयार करणारी), तिसऱ्याने कार्बोरेटर उघडून साफ केला. दर वेळी गाडी उभ्या उभ्या छान चालायची आणि घाटात थांबायची. शेवटी मी ठरवलं, आता आपणच बघायचं.

आमची गाडी पॉइंटवाली, म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणारी-तोडणारी धातूची दोन छोटी तोंडं असलेली, आणि ६ व्होल्टची. बॅटरी नाही, इग्निशनची चावी नाही. सगळी वीज मॅग्नेटमधून येते. उजव्या बाजूच्या कव्हरखाली जे जड चाक फिरतं ते मॅग्नेट. त्याच्या आतल्या कडेला चुंबक आणि मध्ये स्थिर प्लेटवर कॉइल. एका कॉइलचा करंट प्लगसाठी, बाकीच्यांचा दिव्यांसाठी आणि हॉर्नसाठी. हे नीट समजायला मला दोन रविवार लागले, पण त्याने एक गैरसमज गेला. 'दिवे लागतायत म्हणजे करंट ठीक आहे' असं मी धरून चाललो होतो. दोन्हींचे रस्तेच वेगळे आहेत.

पहिला दोष अनपेक्षितपणे सापडला. अंगणात गाडी वळवताना हँडल पूर्ण उजवीकडे गेलं की इंजिन बंद व्हायचं. या गाडीत बंद करायचं बटण दाबलं की प्लगचा करंट बॉडीला अर्थ होतो, एवढंच त्याचं काम. म्हणजे त्या बटणाची वायर वाटेत कुठे सोलून पत्र्याला टेकली, तरी बटण दाबल्यासारखंच होणार. इंजिनवरच्या जंक्शन बॉक्समध्ये ती एक वायर मोकळी केली आणि हँडल वळवलं. इंजिन चालूच राहिलं. हेडलाइट उतरवल्यावर दिसलं, हँडलच्या मानेपाशी वायरचं आवरण घासून तांबं उघडं पडलं होतं. तेवढा तुकडा कापून नवा जोडला, स्लीव्ह चढवली. त्या दिवशी मला वाटलं, सुटलं कोडं.

पुढच्या रविवारी घाटात पुन्हा तेच.

या वेळी मात्र मी प्लगपाना आणि नवा प्लग बरोबर ठेवला होता. गाडी थांबल्या थांबल्या, गरम असतानाच प्लग काढला. तो पेट्रोलने ओला होता. म्हणजे पेट्रोल पोचतंय, जळत नाहीये. प्लग कॅपला लावून हेडच्या धातूला टेकवला आणि किक मारली. ठिणगी आली ती बारीक, पिवळट, आणि तीसुद्धा तीन किकला एकदा. नव्या प्लगवरही तसंच. घरी थंड गाडीवर हीच ठिणगी निळी, टक टक आवाज करणारी असायची. तीन गॅरेज का फसली ते मला तिथे रस्त्याच्या कडेला कळलं. सगळ्यांनी गाडी थंड असताना तपासली होती.

आमच्या गल्लीत एक निवृत्त फिटरकाका आहेत. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तिन्हीसांजेला ये. अंधारात दाखवतो."

संध्याकाळी गाडी चांगली तापवून नेली. त्यांनी बाजूचं कव्हर काढलं आणि चालू इंजिनवर मॅग्नेटच्या खिडकीतून आत बघायला लावलं. पॉइंटपाशी पांढरट निळा लखलखाट चालला होता. काका म्हणाले, "पॉइंट जळतायत बाळा. कंडेन्सर गेलाय."

कंडेन्सरचं काम असं. पॉइंट उघडतात तेव्हा करंट त्या फटीतून उडी मारायला बघतो. कंडेन्सर त्याला तेवढा क्षण स्वतःत घेतो, त्यामुळे तो एकदम तुटतो, आणि त्या तुटण्यातूनच एच.टी. कॉइलमध्ये हजारो व्होल्ट तयार होतात. कंडेन्सर जुना झाला की गरम झाल्यावर आतलं इन्सुलेशन गळतं, थंड झालं की पुन्हा धरतं. आमची गाडी नेमकी तशीच वागत होती.

मॅग्नेट पुलर लावूनच काढायचा, हातोडा घालायचा नाही, हे काकांनी दोनदा बजावलं. आतली हाफमून की, म्हणजे मॅग्नेटला ठरलेल्या जागी धरणारा अर्धचंद्राच्या आकाराचा छोटा तुकडा, त्यांनी आधी डबीत ठेवली. ती हरवली किंवा झिजली तर ठिणगीचं टायमिंग चुकतं. प्लेट काढण्याआधी तिच्यावर आणि केसिंगवर एक सरळ ओरखडा मारून घेतला, म्हणजे बसवताना तीच जागा. जुना कंडेन्सर सोल्डरचा डाग सोडवून काढला, नवा तसाच डाग देऊन बसवला. पॉइंटच्या एका तोंडावर खड्डा, दुसऱ्यावर ढीग. ते घासत न बसता नवेच टाकले. फीलर गेजने फट ०.४ मिलिमीटर ठेवली, प्लगची ०.६. शेवटी पॉइंटमधून कोरा कागद ओढला, कारण बोटाचं तेल राहिलं तरी ठिणगी बिघडते. दोन्ही कामं मिळून तीन तास गेले. काकांनी पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

रविवारी आप्पांना मागे बसवून निघालो. ज्या वळणावर गाडी थांबायची, तिथे आप्पांनी माझ्या खांद्यावरचा हात घट्ट केला. गाडी चढून गेली. कास तलावापर्यंत कुठेही थांबली नाही.

परतताना अंधार झाला आणि हेडलाइट लुकलुकायला लागला, पाठोपाठ मागचा दिवा उडाला. हे आता ओळखता आलं. या गाडीत दिव्यांचा करंट आवरणारं काही नाही. हेडलाइटचा संपर्क तुटला की सगळा भार छोट्या बल्बवर जातो आणि तो उडतो. घरी येऊन हेडलाइटच्या अर्थिंगचा गंज पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, स्क्रू बदलला, मागे नवा बल्ब लावला.

बाकीचं वायरिंग अजून जुनंच आहे, ठिकठिकाणी कडक झालंय. दिवाळीनंतर ते पूर्ण बदलायला घेणार आहे. कोणत्या रंगाची वायर कुठे जाते, ते आप्पांनी सांगितलं आणि मी वहीत उतरवून घेतलंय. जास्तीचा एक कंडेन्सर डिकीत कापडात गुंडाळून ठेवलाय.