जुनी फौजी रायफल, तिच्यावर खर्च कुठवर करायचा?

भाचा टेक्सासला असतो, त्याने एक जुनी रशियन मोसिन-नागां घेतलीय आणि आता दुर्बीण, नवा ट्रिगर, प्लॅस्टिकचा दस्ता असं सगळं लावायचंय त्याला, म्हणजे नेम सुधारेल म्हणतो. इथे इंदूरला आपल्याला असले प्रयोग शक्यच नाहीत, .३०३ सारखा फौजी बोअर, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं इंचांतलं माप, साध्या लायसन्सवर मिळतच नाही, मिळते ती इशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ रायफल. पण फौजेची छावणी असलेलं महू हाकेच्या अंतरावर, फौजेतून रिटायर झालेल्या मंडळींत उठबस, त्यामुळे या विषयावर मी तासन् तास बोलू शकतो. माझं मत एकच आहे, सगळं नळीवर आहे. नळी चांगली तर थोडक्यात काम होतं आणि नळी गेलेली असेल तर बाकी कशावरही पैसे घालू नका.

मोसिनची रचना १८९१ ची. अमेरिकेत ती कितीतरी वर्षं शंभर डॉलरच्या आत मिळायची, घट्ट ग्रीसमध्ये बुडवलेली. १९४२-४३ च्या घाईत बनलेल्या रायफलींवर बाहेरून कानशीचे ओरखडे दिसतात, त्याला घाबरायचं नाही, आतली नळी बघायची. फौजेच्या जुन्या शिल्लक (सरप्लस) काडतुसांच्या प्रायमरमधून, म्हणजे बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीतून, क्षार मागे राहतो, तो हवेतली ओल ओढतो आणि गंज चढतो, म्हणून फायरिंग झालं की आधी पाण्याने धुवायचं, कोरडं करायचं, मग तेल. नुसत्या तेलाने क्षार जात नाही हे कित्येकांना सांगूनही पटत नाही! दुसरं म्हणजे नळीचं तोंड, म्हणजे क्राउन. फौजेत वर्षानुवर्षं तोंडाकडूनच लोखंडी गज घालून साफसफाई व्हायची, त्याने तिथली कड झिजते आणि गोळी बाहेर पडतानाच वाकडी जाते. क्राउन नीट करून घ्यायला फार खर्च येत नाही आणि फरक लगेच दिसतो. मग दस्त्याचे स्क्रू घट्ट आहेत का ते बघायचं, आणि नळीचं माप घेऊन .३११ किंवा .३१२ ची गोळी निवडायची, .३०८ ची त्यात सैल पडते.

एवढं करून १०० यार्डांवर दोन-अडीच इंचांचा ग्रुप, म्हणजे सगळ्या गोळ्यांची भोकं तेवढ्या घेरात, आला तर रायफल छान आहे, खूश व्हा. पाच-सहा इंचच येत असेल तर महागडा ट्रिगर लावून काय होणार?

मोठमोठ्या फौजांनी हेच केलंय. ब्रिटिशांची नंबर ४ टी ही स्नायपर एनफिल्ड, तिच्यासाठी कारखान्यात ज्या रायफली आधीच अचूक ठरल्या त्या बाजूला काढायचे आणि मग हॉलंड अँड हॉलंडकडे दुर्बिणीसाठी पाठवायचे. रशियनांनीही त्यांच्या पीयू नावाच्या दुर्बिणीसाठी मोसिन निवडूनच घेतल्या. फिनलंडवाल्यांनी तर रशियन रिसीव्हर, म्हणजे नळी जिच्यात बसते ती लोखंडी चौकट, ठेवला आणि नळीच नवी टाकली, त्यातून त्यांची एम-३९ झाली, भारी रायफल. म्हणजे एकतर निवडायची नाहीतर नळी बदलायची, मधली वरवरची सजावट कोणीच केली नाही.

मोसिनवर दुर्बीण लावायची तर अजून एक भानगड, बोल्टचा, म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या खटक्याचा, दांडा सरळ आहे, वर उचलला की दुर्बिणीला अडतो, म्हणून तो वाकवायचा, मग रिसीव्हरला ड्रिल मारायचं, ट्रिगरचे पैसे वेगळे, दस्त्याचे वेगळे, हे सगळं जोडलं की नव्या शिकारी रायफलीच्या, म्हणजे रुगर अमेरिकन किंवा सॅव्हेज अ‍ॅक्सिसच्या किमतीला जाऊन भिडतं आणि त्या तर डब्यातून काढल्या की १०० यार्डांवर इंचाच्या आसपास मारतात. म्हणून मी तर म्हणतो ते पैसे काडतुसांत घालवा, वेगवेगळ्या कंपन्यांची थोडी थोडी आणा, कुठलं तिला मानवतं ते बघा, आणि भरपूर सराव करा.

तरीही हाताने काहीतरी करायची हौस असेल, आणि ती हौस मला समजते, तर आधीच कोणीतरी दस्ता कापून ठेवलेली रायफल शोधा आणि तिच्यावर हवं ते करा. सगळ्या भागांवरचे नंबर जुळणारी, जशी फौजेतून आली तशीच असलेली हाती लागली तर तिला ड्रिल लावू नका, ती भोकं परत बुजत नाहीत आणि संग्रह करणारे मग तिला निम्मी किंमतही देत नाहीत.