नेमस्तांची रिकामी जागा

29 जुलै 2023, तोर्सहाउन

रात्रीचे साडेअकरा होत आलेत, तरी खिडकीबाहेर आपल्याकडच्या दिवेलागणीइतका उजेड आहे. ओलाव्सोकाची रात्र. फॅरो बेटांचा (डेन्मार्कच्या राज्याचा भाग, पण घरचा कारभार बराचसा स्वतःचा) हा सगळ्यात मोठा सण, त्यामुळे गल्लीत कोणी झोपलेलं नाही. मलाही झोप नाही, आणि आज जे पाहिलं ते उद्यावर टाकायचं नाही.

सुरुवात कालपासून करायला हवी. काल दुपारी बंदरात होड्यांच्या शर्यती होत्या. ज्यांच्या घरी मी उतरले आहे त्या आजी (ऐंशी ओलांडलेल्या, जन्मभर शिक्षिका, आमचं बोलणं डॅनिशमध्ये) माझा हात धरून धक्क्यावर उभ्या होत्या. होडीत दहा वल्हेकरी, सगळ्यांची पाठ पुढच्या दिशेला. वाट दिसते ती फक्त मागे बसलेल्या एकाला. "त्याच्या हातात आहे ना, ते स्तुइरी," आजी म्हणाल्या. सुकाणू. मग जरा वेळाने, "आमच्या पक्षाच्या नावातलंही तेच."

शॉल्व्स्तुइरी. शॉल्व म्हणजे स्व. स्तुइरी म्हणजे कारभार, आणि सुकाणूसुद्धा. कोपनहेगनमध्ये नऊ वर्षं राहून बातम्यांत मी या पक्षाचं डॅनिश नाव वाचत आले, मनात 'स्वशासन पक्ष' असं भाषांतर करत आले, पण त्यातलं सुकाणू मला काल पहिल्यांदा दिसलं.

आज लोग्तिंगच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, लाकडी घरासमोर मिरवणूक पाहिली. अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी सगळे सभासद चर्चमध्ये चालत जातात आणि चालतच परत येतात. चांदीची बटणं, विणलेली जाकिटं, बायकांच्या खांद्यांवर शाली. चौपन्न हजारांच्या देशाचे तेहेतीस प्रतिनिधी हातभर अंतरावरून चालले होते. आजी प्रत्येकाचा पक्ष हळू आवाजात सांगत होत्या. शेवटची रांग गेल्यावर म्हणाल्या, "आमचं कोणीच नाही." तक्रारीचा सूर नव्हता. हजेरी घेताना एक मूल आलेलं नाही हे बाई सांगतात, तसं.

2019 मध्ये या पक्षाची एक जागा होती. डिसेंबर 2022 मध्ये तीही गेली. पूर्वी इथे सात मतदारसंघ होते, 2008 च्या निवडणुकीपासून सगळा देश मिळून एकच. त्यामुळे सभागृहात यायला साधारण तेहेतिसावा हिस्सा मतं तरी हवीत. तेवढीही मिळाली नाहीत.

परवा मी चिर्च्युबोउरला गेले होते. डोंगर उतरला की समुद्राकाठी छपराविना उभं राहिलेलं मध्ययुगीन कॅथीड्रल, आणि शेजारी काळ्या लाकडाचं पातुर्सोन घराण्याचं घर, अजून नांदतं. पक्षाचा मूळपुरुष योआन्नेस पातुर्सोन याच घरातला. 26 डिसेंबर 1888 ला तोर्सहाउनमध्ये लोक आपल्या भाषेसाठी जमले, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता आणि नॉर्वेत होता. त्याची कविता दुसऱ्याने वाचून दाखवली. शाळेत आणि चर्चमध्ये तेव्हा डॅनिश चाले. घरात, होडीत, नाचताना फॅरोई. पुढे 1901 मध्ये तो डॅनिश संसदेत निवडून गेला आणि तिथून जास्त आर्थिक अधिकारांचा प्रस्ताव घेऊन आला. लोकांना भीती वाटली की कर वाढतील. 1906 मध्ये तो त्याच प्रश्नावर हरला, आणि त्या भांडणातूनच इथले पहिले दोन पक्ष उभे राहिले: डेन्मार्कशी नातं जपणारा साम्बांद्सफ्लोक्कुर आणि सुकाणू आपल्या हाती मागणारा शॉल्व्स्तुइरी.

1906 हे साल वाचून मी थबकलेच. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कलकत्त्याच्या काँग्रेसमध्ये दादाभाई नौरोजींनी स्वराज्य हा शब्द अध्यक्षपदावरून उच्चारला होता. त्याआधीच्या वर्षी बनारसला गोखल्यांनी मागणी केली होती ती साम्राज्यात राहून स्वशासनाची. आपल्याकडे अशा माणसांसाठी शब्द आहे, नेमस्त. शाळेत जहालांवर निबंध लिहिले. नेमस्त हे 'टीपा लिहा'मध्ये दोन गुणांपुरते आले. त्या दोन गुणांत गोखल्यांचा अर्थसंकल्पावरचा अभ्यास, सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक, काहीच मावत नव्हतं. त्याचं मला आज फार वाईट वाटलं, आणि ते वाटायला इतक्या उत्तरेला यावं लागलं.

इथला मूळपुरुष मात्र नेमस्त राहिला नाही. जमीनसुधारणेवरून पक्षाशी बिनसलं, तो बाहेर पडला आणि नव्या, पुढे स्वातंत्र्यापर्यंत जाणाऱ्या पक्षाचा नेता झाला. 2 ऑगस्ट 1946 ला तो वारला. सहा आठवड्यांनी, 14 सप्टेंबरला, सार्वमत झालं: वेगळं होण्याच्या बाजूने 5,660, डेन्मार्कच्या प्रस्तावाच्या बाजूने 5,499. फरक 161 मतांचा. काहींनी दोन्हींना 'नाही' लिहून मतपत्रिका बाद करून घेतली. राजाने लोग्तिंग बरखास्त केलं, पुन्हा निवडणूक झाली, वाटाघाटी झाल्या, आणि 1 एप्रिल 1948 ला स्वशासनाचा कायदा लागू झाला. पहिल्या सरकारात शॉल्व्स्तुइरी होता, तोही साम्बांद्सफ्लोक्कुरच्या मांडीला मांडी लावून. बेचाळीस वर्षांच्या भांडणानंतर.

आजींच्या वडिलांनी दोन्हींना 'नाही' लिहिलं होतं. ही गोष्ट त्यांनी आज जेवताना सांगितली. वडिलांना अर्ध्या गावाने भित्रा म्हटलं. "ते भित्रे नव्हते," आजी म्हणाल्या. "त्यांना जे हवं होतं, ते त्या कागदावर छापलेलंच नव्हतं."

पक्षाचं काम झालं म्हणून पक्ष संपला, असं मला मिरवणुकीत एका तरुणाने सांगितलं. मला ते पटत नाही. स्वशासन हे एकदा जिंकून भिंतीवर टांगायचं ढालपदक नाही. 2005 मध्ये याच 29 जुलैला दुसरा कायदा लागू झाला, ज्यानुसार एकेक खातं डेन्मार्ककडून मागून घेता येतं. पोलीस आणि न्यायालयं आजही डेन्मार्ककडेच आहेत. कोणतं खातं कधी घ्यायचं, खर्च झेपेल का, माणसं कुठून आणायची, हे कंटाळवाणे प्रश्न आहेत. नेमस्तांचे प्रश्न. आज उदारमतवादी म्हणून फ्रामसोक्न हा 2011 मधला पक्ष आहे, 2022 च्या निवडणुकीनंतर तीन जागांवर तो सरकारातही आला, आणि बाजारापासून व्यक्तिस्वातंत्र्यापर्यंत तो ठामपणे बोलतो. पण त्याचं तोंड स्वातंत्र्याकडे आहे. मधली वाट आता सगळ्यांचीच झाली आहे, आणि जे सगळ्यांचं असतं त्याची रोजची झाडलोट कोण करतं?

हे मी आजींना विचारलं तेव्हा त्या शाल चापत होत्या.

"डिसेंबरात मत कोणाला दिलंत?"

"त्यांनाच. येणार नाहीत हे माहीत होतं." चांदीची साखळी त्यांनी एकेका आकड्यात अडकवली. "बाबांसारखं कागदावर काही लिहावं लागलं नाही मला. नाव छापलेलं होतं."

बारा वाजायला दहा मिनिटं आहेत. चौकात मध्यरात्रीचं सामूहिक गाणं, मग साखळीनृत्य: दोन पावलं डावीकडे, एक उजवीकडे, वाद्य नाही, फक्त पायांचा ठेका. आजींनी माझ्यासाठी जास्तीचा स्वेटर खुर्चीवर काढून ठेवला आहे.