दिवाळीचा जंजिरा, अपडेट ३: दरवाजा परत फोडला

मंडळी, मागच्या अपडेटमध्ये तट झाला, दरवाजा लागला, आता फक्त रंग बाकी, असं मोठ्या ऐटीत लिहिलं होतं ना, ते विसरा. रविवारी राजपुरीला जाऊन खरा जंजिरा बघून आले आणि सोमवारी संध्याकाळी उलथनं घेऊन दरवाजा अन् त्याच्या शेजारचे दोन बुरूज स्वतःच्या हातानं काढले.

नवीन कोणी असेल तर थोडक्यात सांगते. आपण नाशिकवाले, किल्ला म्हणलं की डोंगर आलाच, गेल्या वर्षी पार्किंगच्या कोपऱ्यात हरिहर केला होता, त्याच्या त्या उभ्या पायऱ्या साबणाच्या वडीत कोरून. यंदा भाच्यानं हट्ट धरला, मावशी पाण्यातला किल्ला. झालं. पाच बाय चारचा प्लाय, कडेनं विटा, आत ताडपत्री, मधे मखमलाबादहून आणलेल्या काळ्या मातीचा जंजिरा. पहिला तट तिसऱ्या रात्री पाण्यात बसला, सकाळी बघते तर नुसता चिखल आणि त्यात रुतलेली तोफ. मग पाण्याच्या रेषेपर्यंत विटांचे तुकडे आणि सिमेंट, त्याच्या वर माती. ते टिकलंय.

एक कबुली आधीच देऊन टाकते. बावीस एकरांचा किल्ला साडेतीन फुटांत बसवला तर चाळीसेक फुटी तट जेमतेम इंच-सव्वा इंच भरतो, तो कोणाला दिसणार, म्हणून उंची सरळ तिप्पट धरलीय. मापावरून भांडायचं त्यांनी खुशाल भांडा.

तर रविवार. रात्री तीनला निघालो, कसारा उतरून पनवेल, पेण, मग अलिबागवरून रेवदंडा-काशीद करत मुरुड, आणि पुढं राजपुरीचा धक्का. शिडाची होडी, लाइफ जॅकेटला माशांचा वास, भाचा पुढे बसलेला. मी मोबाइल काढून तयार, कारण मला एकच गोष्ट बघायची होती, दरवाजा. आणि दरवाजा दिसेचना! काळा तट, बुरूज, पुन्हा तट, बुरूज, मला वाटलं आपण मागच्या बाजूनं आलो की काय. म्हणून विचारलं तर होडी चालवणारा तांडेल हसला, म्हणाला, 'ताई, दरवाजा समोरच आहे.' त्यांनी शीड फिरवलं, होडी तटाला घासते की काय इतकी जवळ गेली आणि मग दोन बुरुजांच्या बेचक्यात अचानक ती कमान उघडली, खाली पायऱ्या, पायऱ्यांवर हात पुढे करून उभी माणसं. ज्याला वाट माहीत नाही तो तोफांच्या माऱ्यात तटाला फेऱ्याच मारत राहणार, हे तिथं होडीत बसल्याशिवाय कळत नाही.

आणि मी काय केलं होतं? बहुतेक फोटो दारासमोरूनच काढलेले असतात, ते बघून मी दरवाजा अगदी दर्शनी, वाड्याच्या दिंडी दरवाज्यासारखा मधोमध लावला होता. भाचा होडीतच म्हणाला, मावशी आपलं चुकलंय. होय बाबा, दिसतंय.

दुसरी चूक त्याहून भारी. दगडी बांधकाम दाखवायचं म्हणून आपण सगळेच काडीनं मातीत रेघा ओढतो, म्हणजे दरजा, दगडांमधल्या सांधी, आत आणि दगड बाहेर. जंजिऱ्यावर नेमकं उलटं. खाऱ्या वाऱ्यानं दगड खाल्ला गेलाय, पार वाटीसारखा खोल, आणि मधला चुना तसाच्या तसा पुढे आलेला. बोट फिरवलं तर चुन्याची धार हाताला लागते, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसतो तो तट. आता एवढ्याशा तटावर उठावाच्या दरजा कशा काढायच्या? दोन दिवस डोकं खाल्लं. शेवटी रविवार कारंज्यावरून मेंदीचे रिकामे कोन आणले, त्यात व्हाइट सिमेंट दह्याइतपत पातळ करून भरलं, टोक अगदी बारीक कापलं आणि तटावर मेंदी काढल्यासारखी जाळी काढली. एका बुरुजाला वीस मिनिटं लागतात आणि बुरूज आहेत १९, हिशोब तुम्हीच करा. पण पहिला वाळल्यावर जे दिसलं ना, आईसुद्धा खाली येऊन बघून गेली. टीप एवढीच, माती थोडी ओली असतानाच काढा, कोरडीवर काढलं की जाळी सुटून हातात येते.

दरवाज्याजवळचं ते वाघासारख्या प्राण्याचं शिल्प, चार पंजांत चार हत्ती, एक शेपटीत, एक तोंडात, तेही साबणात कोरायला घेतलं होतं. नखाएवढ्या जागेत चारच हत्ती जमलेत, दोन बाकी.

बाकी किल्ला पळतच बघितला, होडीवाले पाऊण तास देतात, त्यात आमच्या साहेबांना कलालबांगडी तोफेवर हात ठेवून फोटो हवा. आमच्याकडे कलालबांगडी म्हणजे जुन्या शाईपेनाची नळी आहे, चावरी आणि लांडा कासम या बाकीच्या दोन तोफा रिफिलच्या. गोड्या पाण्याच्या दोन तळ्यांना मुखवासाच्या डब्या पुरल्यात. वरून समुद्रातला दुसरा किल्ला, पद्मदुर्ग, दिसला, म्हणून प्लायच्या कोपऱ्यात तोही वाढवलाय. आणि राजपुरीच्या बाजूनं खडीची एक अर्धी रेघ टाकलीय, १६८२ मध्ये संभाजीराजांनी समुद्र भरून वाट करायला घेतली होती ती. बिल्डिंगमधली पोरं रोज ती पूर्ण करून ठेवतात, मी रोज दगड काढते.

शिवाजी महाराजांच्या काळात जंजिऱ्याला शिड्या लावणाऱ्या लाय पाटलांची शिडी उदबत्तीच्या काड्यांची केलीय. शिड्या लावल्या तर मग किल्ला का नाही घेतला, हे चौथीतल्या एकीनं विचारलं. महाराजांचे पेशवे मोरोपंत, त्यांची माणसं वेळेत पोचली नाहीत म्हणलं, तर ती म्हणाली, 'मग फोन करायचा ना.'

आजची स्थिती: नऊ बुरुजांची जाळी झाली, ताडपत्री एका कोपऱ्यातून गळतेय, हळीव अजून पेरलेलं नाही. नवीन दरवाजा काल रात्री बसवला, दोन बुरूज पुढे ओढून बेचक्यात. मग भाच्याला फरशीवर पालथं झोपवलं, डोळे पाण्याच्या पातळीला आणि हळूहळू पुढे सरकायला लावलं. दिसला का? नाही. आता? नाही. आता? 'थांब... हां, दिसला!' नाक पाण्याला लागायला चार बोटं बाकी होती. तिथं विटेवर खडूनं खूण करून ठेवलीय.